शब्दचर्चा: 'कन्स्ट्रक्टर'ला मराठीत काय म्हणावं?

कडीपत्ता: डिप्लोमाच्या मुलांना जावा ही प्रोग्रामिंगची भाषा मराठीतून शिकवते. इनहेरिटन्सला, म्हणजे एका क्लासने (वस्तूच्या आराखड्याने) वरच्या क्लासचे गुण घेण्याला, 'वारसा' म्हटलं की पटकन कळतं. कन्स्ट्रक्टरला, म्हणजे नवी वस्तू तयार होताना चालणाऱ्या कोडला, 'रचयिता' म्हटलं की वर्गात हशा पिकतो. बरा शब्द सुचवा. शिवाय 'वारसा'मुळे एक प्रश्न हमखास येतो: बाकी सगळं मिळतं, मग वरच्या क्लासचा कन्स्ट्रक्टरच का नाही मिळत?

रातकिडा: 'निर्माता' तरी नको, तो सिनेमात पैसे घालतो. आणि वस्तू निर्माण करणं हे कन्स्ट्रक्टरचं काम नाहीच. न्यू लिहिलं की मेमरीत जागा मिळते, फील्ड्स (माहितीचे कप्पे) शून्य किंवा नल (रिकामे) होतात. कन्स्ट्रक्टर त्यानंतर येऊन किमती भरतो.

मी 'गवंडी' म्हणतो. वारशात घर येतं, ते बांधणारा गवंडी येत नाही. पण जोतं, म्हणजे वरच्या क्लासचा भाग, मात्र त्यानेच घालायचं. समजा 'रिक्षा'ला 'वाहन'चा वारसा आहे, 'वाहन'च्या एकुलत्या एक कन्स्ट्रक्टरला गाडीचा नंबर द्यावा लागतो आणि 'रिक्षा'च्या कन्स्ट्रक्टरमध्ये तुम्ही सुपर (वरच्या क्लासच्या कन्स्ट्रक्टरला हाक) लिहिलंच नाही. कंपायलर (कोडचं भाषांतर करणारा प्रोग्राम) स्वतःहून रिकामं सुपर घालतो, बिननंबराचा गवंडी त्याला सापडत नाही, आणि एरर. मुलं 'रिक्षा'त चूक शोधत बसतात.

मोडीवाचक: गवंडी झकास! सी प्लस प्लस या भाषेतही जोतं आधी, मजला नंतर. पाडताना उलटं, वरून खाली. पायथन भाषेतला गवंडी मात्र हाक मारल्याशिवाय हलत नाही. तुमच्या क्लासला स्वतःचा इनिट (तिथला गवंडी) असेल आणि त्यात सुपर नसेल, तर जोत्याविनाच घर उभं राहतं आणि नंतर कधीतरी खचतं.

रातकिडा: खरी गंमत पुढे आहे. जावात 'वाहन'च्या कन्स्ट्रक्टरने 'माहिती छापा' ही मेथड (क्लासने करायचं काम) बोलावली आणि ती 'रिक्षा'ने ओव्हरराइड केलेली, म्हणजे आपल्या पद्धतीने पुन्हा लिहिलेली असली, तर 'रिक्षा'चीच चालते. पण 'रिक्षा'चं 'मालक' हे फील्ड अजून भरलेलंच नाही, म्हणून छापलं जातं नल. आधी कळस मग पाया! सी प्लस प्लसमध्ये अशा वेळी 'वाहन'चीच मेथड चालते, ते मला जास्त शहाणपणाचं वाटतं. जावा 25 पासून सुपरच्या आधी आपल्या फील्डमध्ये किंमत भरता येते, तेवढाच दिलासा.

कडीपत्ता: घेतला 'गवंडी'. उत्तरपत्रिकेत मात्र कन्स्ट्रक्टरच लिहायला सांगेन. पण एका क्लासला तीन कन्स्ट्रक्टर असले तर तीन गवंडी? घरमालकाचं दिवाळं निघेल की!

मोडीवाचक: कामावर एकच येतो. आणि त्याने पहिल्याच ओळीत धिस (त्याच क्लासच्या दुसऱ्या कन्स्ट्रक्टरला हाक) लिहिलं तर काम दुसऱ्याच्या गळ्यात मारतो. आमच्या गवंड्यासारखाच.