शब्दचर्चा: मिसिसिपीची 'हद्द' की 'वेस'?

मिसिसिपी नदीवरचा एक लेख मराठीत करतेय आणि दोन शब्दांशी अडलेय. 'थालवेग'ला, म्हणजे नदी हद्द असते तेव्हा तिच्यातून जी रेषा धरतात तिला, काय म्हणायचं? संपादकांनी 'नदीचा मध्य' केलंय, ते मला खटकतंय. आणि 'फ्रंटियर'ला, म्हणजे वस्ती जिथवर पोचली त्या टोकाला, सरळ 'सीमा' लिहू का?

—

ताई, खटकतंय ते बरोबरच आहे. मूळ जर्मन शब्द: ताल म्हणजे दरी, वेग म्हणजे वाट. आपल्या 'वेगा'शी त्याचा काही संबंध नाही! मिसिसिपी ही ज्यांच्यामधली हद्द, ती आयोवा आणि इलिनॉय ही अमेरिकेतली राज्यं नदीवरच्या पुलांच्या करापायी भांडत होती. १८९३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दोन थड्यांच्या मधोमध फूटपट्टी लावायची नाही, जहाजं जिथून जातात त्या मुख्य प्रवाहाचा मध्य धरायचा. नाहीतर जलमार्ग एकाच राज्याच्या वाट्याला जायचा. मी 'मुख्य धारेची मध्यरेषा' लिहीन. लांबलचक आहे, पण चुकीचं नाही.

—

'धार' छानच. पण ती जागा बदलते, त्याचं काय? तिथल्या कायद्यात दोन गोष्टी वेगळ्या धरतात. नदी हळूहळू काठ खात सरकली, तर हद्दही तिच्याबरोबर सरकते. तिने एकदम पात्र सोडलं, तर हद्द जुन्या पात्रातच राहते. आपल्याकडे 'नदी सरकली' आणि 'नदीने पात्र बदललं' यांत हाच फरक आहे, तेव्हा नवे शब्द कशाला पाडायचे? गाळ साचून नदीकाठी वर आलेल्या जमिनीला तर 'मळई' हा आयता शब्द आहे.

दुसऱ्या प्रकाराचं, एकदम पात्र सोडल्याचं, उदाहरण म्हणजे कास्कास्किया गाव. इलिनॉयची ही पहिली राजधानी. १८८१च्या पुरात मिसिसिपी शेजारच्या कास्कास्किया नदीच्या पात्रात घुसली आणि गाव पश्चिमेला, मिसूरी राज्याच्या बाजूला पडलं. तरी ते आजही इलिनॉयचंच. २०२०च्या जनगणनेत तिथे २१ माणसं होती. गावात जायचं तर मिसूरीतल्या सेंट मेरीकडून जुन्या पात्रावरचा पूल ओलांडायचा.

—

'फ्रंटियर'ला 'सीमा' नको. सीमा आखतात, फ्रंटियर पुढे पुढे सरकत जातं. तिथे 'वसाहतीची कड' म्हणा.

नदीला मात्र 'वेस' म्हणून बघा. वेस म्हणजे गावाची हद्दही आणि गावात शिरायचा दरवाजाही. १७८३च्या पॅरिस तहाने अमेरिकेची पश्चिम हद्द मिसिसिपीवर आणून ठेवली. पलीकडचा मुलूख स्पेनचा. पण केंटकीच्या शेतकऱ्याचं पीठ आणि डुकराचं मांस सपाट तळाच्या होड्यांतून नदीच्या मुखाजवळच्या न्यू ऑर्लिन्स बंदरालाच जायचं. १८०२ मध्ये स्पॅनिश अधिकाऱ्याने तिथे माल उतरवून ठेवायची सवलत काढून घेतली आणि एकच ओरड झाली. अमेरिकेचे अध्यक्ष जेफर्सन यांना मुख्यतः ते बंदर हवं होतं. नेपोलियनने (मुलूख तोवर फ्रान्सकडे परत गेला होता) १८०३ मध्ये सगळा लुइझियानाच, म्हणजे नदीपलीकडचा तो मुलूख, दीड कोटी डॉलरला देऊन टाकला. काल हद्द असलेली नदी देशाच्या मधोमध आली. पुढच्याच वर्षी लुईस आणि क्लार्क हे शोधप्रवासी नदीकाठच्या सेंट लुईसजवळून मिसूरी नदीने वर निघाले. त्या शहरातली १९६५ साली पूर्ण झालेली १९२ मीटर उंच कमान 'गेटवे आर्च' या नावात दरवाजाच मिरवते.

—

शीर्षकात 'वेस' घेते, कायद्याच्या परिच्छेदात 'हद्द'च ठेवते. संपादकांशी भांडायला 'धार' मिळाली. आता एकच अडचण: कास्कास्कियाच्या वाक्यात मी 'पैलथडीचं गाव' लिहून बसलेय. इलिनॉयवाल्याची पैलथडी की गावकऱ्यांची?