काळ्या जमिनीत कोनफ्लॉवर पावसाळ्यात कुजते, मार्गदर्शन हवे आहे

सप्रेम नमस्कार. परभणीजवळच्या आमच्या गावी घरामागे अडीच गुंठे मोकळी जागा आहे. मधमाश्या आणि फुलपाखरांसाठी तेथे वर्षानुवर्षे टिकणाऱ्या फुलझाडांची बाग करण्याचे मी मनावर घेतले आहे. तुळस, सब्जा आणि गॅलार्डिया विनातक्रार रुजले. अडले आहे ते कोनफ्लॉवरपाशी, म्हणजे एकिनेशिया परप्युरियापाशी.

बी उगवण्याची अडचण नाही. ओलसर वाळूत मिसळून ते चार आठवडे फ्रीजमध्ये ठेवले (मसाल्याची पुडी समजून घरच्यांनी दोनदा बाहेर काढले, तरीही) आणि उगवण चांगली झाली. पहिल्या वर्षी अठरा रोपे जूनमध्ये थेट काळ्या जमिनीत लावली. ऑगस्टच्या झडीत आठवडाभर वाफसाच आला नाही, म्हणजे माती मोकळी होण्याइतकी सुकलीच नाही, आणि चौदा रोपे बुंध्याशी काळी पडून कुजली. शेजारचे काका म्हणाले, ‘करडईसुद्धा साचल्या पाण्यात अशीच जाते.’ दोन्ही सूर्यफुलाच्याच कुळातली, म्हणून ते म्हणणे मला पटले.

गेल्या ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरल्यावर फूटभर उंच गादीवाफा केला, माती आणि मुरूम निम्मे-निम्मे घेतले, शेणखत बेताचेच घातले आणि नवी रोपे लावली. मार्चअखेर तीन झाडे फुलली. फुलाच्या मधल्या काटेरी बोंडावर सकाळी फुलोरी जातीच्या छोट्या मधमाश्या दिसू लागल्या, तेव्हा सगळ्या खटाटोपाचे सार्थक झाले. दुहेरी पाकळ्यांच्या जाती मुद्दामच टाळल्या, कारण त्यांत माश्यांच्या वाट्याला पराग आणि मध फारच कमी येतो.

मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला आणि पाने करपली, पण बुंध्यातून आता नवे कोंब दिसत आहेत. मृगाचा पाऊस तोंडावर आल्याने माझी घाई आहे. गादीवाफ्याचा निचरा झडीत पुरेल, की ही झाडे चार महिने कुंडीत घालून पत्र्याखाली ठेवावीत? मुळे हलवल्याने ती दुखावतील, अशी भीती वाटते. उन्हाळ्यात दुपारपुरते शेडनेट धरले तर फुले घटतात का? परप्युरियाऐवजी कोरड्या माळरानावर वाढणारी, लांब सोटमुळाची अँगस्टिफोलिया ही कोनफ्लॉवरचीच दुसरी प्रजाती आपल्याकडे अधिक तग धरेल का?

लातूर, बीड, नांदेडकडे काळ्या जमिनीत हे झाड सलग दोन पावसाळे कोणी टिकवले असेल, तर वाफ्याची उंची आणि मुरुमाचे प्रमाण कृपया कळवावे.