नळ्या काढून मगच आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) म्हणतायत, कुणाला अनुभव?

बार्शीची_सई
बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा. वय ३३. एचएसजीत (गर्भनळ्यांत औषध सोडून काढलेला एक्स-रे) दोन्ही नळ्या बंद निघाल्या आणि सोनोग्राफीत त्या पाण्याने फुगलेल्या दिसतात. एएमएच (बीजांचा साठा किती उरलाय ते सांगणारी रक्ततपासणी) १.६. ह्यांचा रिपोर्ट नॉर्मल (तोही मी मागे लागून करवला, साबांच्या (सासूबाईंच्या) मते पुरुषाची कसली आलीय तपासणी!). सोलापूरच्या डॉक्टर म्हणतात, आयव्हीएफच करा, पण आधी दुर्बिणीतून दोन्ही नळ्या काढून टाकू.

डोक्याला पटतंय, मनाला नाही. दर महिन्याला पाळी दोन दिवस लांबली की जी वेडी आशा लागते, ती आपल्याच सहीने संपवायची. साबा म्हणाल्या, "वाटच बुजवल्यावर मूल येणार कुठून?" त्यांच्या ओळखीचे वैद्य उत्तरबस्ती (पिशवीत औषधी तेल-तूप सोडणं) देतात, त्याने नळ्या मोकळ्या होतात म्हणे. कुणी या मार्गाने गेलंय का?

मिरजकर_वहिनी
सई, मी गेलेय. दोन्ही नळ्या काढल्या, लेक आता बालवाडीत आहे आणि आत्ता माझ्या फोनसाठी रडतेय.

साबांना सांग, वाट आधीच बुजलेली आहे. आयव्हीएफमध्ये नळीला कामच नसतं. बीजं सुईने थेट बीजकोषातून काढतात, फलन लॅबमध्ये होतं, गर्भ पिशवीत सोडतात. १९७८ साली जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी झाली, लुईस ब्राऊन, तिच्या आईच्याही नळ्याच बंद होत्या. हे तंत्र निघालंच आपल्यासारख्यांसाठी.

आणि नुसती बंद नळी वेगळी, पाणी भरलेली वेगळी. ते पाणी पिशवीत झिरपतं आणि गर्भाला रुजू देत नाही. पेरलेल्या वाफ्यात साबणाचं पाणी सोडत राहिलं तर काय उगवणार? आत फार चिकटलेलं असेल तर नळी न काढता पिशवीजवळ क्लिप लावून बंद करतात, तेही चालतं.

एक मात्र विचार. माझ्या डॉक्टरांनी क्रम फिरवला होता: आधी बीजं काढून गर्भ गोठवले, मग ऑपरेशन, मग ट्रान्सफर. नळी काढताना बीजकोषाचा रक्तपुरवठा थोडा दुखावू शकतो. १.६ वाईट नाही, पण उधळायलाही नको.

ऑपरेशननंतर पोटापेक्षा खांदा दुखेल. पोटात भरलेल्या गॅसने होतं ते, आधी कुणी सांगत नाही. मी रात्री नवऱ्याला उठवलं, म्हटलं हार्टॲटॅक आलाय. त्याने ओवा दिला चावायला.

सूक्ष्मदर्शी
टीबी तपासला का? आपल्याकडे दोन्ही नळ्या खराब होण्यामागे जननमार्गाचा टीबी हे मोठं कारण आहे. खोकला नाही, ताप नाही, मूल राहत नाही एवढीच तक्रार. पिशवीच्या अस्तराचा नमुना सीबीनॅटला (टीबीचे जंतू शोधणारी तपासणी) पाठवतात, ओपीडीतही घेता येतो. वहिनींच्या क्रमाने जायचं असेल तर हे सगळ्यात आधी उरका. टीबी निघालाच तर सहसा सहा महिने गोळ्या, सरकारी दवाखान्यात फुकट, वर निक्षय पोषणचे (टीबी रुग्णांच्या आहारासाठीची सरकारी योजना) महिन्याला १००० रुपये खात्यात. गोळ्या पूर्ण होईपर्यंत ट्रान्सफरची घाई नको.

उत्तरबस्तीचं म्हणाल तर आत संसर्ग आहे की नाही हे माहीत नसताना फुगलेल्या नळीकडे काहीही ढकलू देऊ नका. वैद्य कितीही ओळखीचे असोत.

मांडवीकाठ
खर्चाचं कुणीच बोलेना. पॅकेज सांगतात त्यात इंजेक्शनं आणि गर्भ गोठवून ठेवण्याचं वर्षाचं भाडं धरलंय का, ते लेखी घ्या. २०२१ च्या एआरटी (आयव्हीएफसारख्या उपचारांच्या) कायद्याप्रमाणे क्लिनिकची नोंदणी लागते, सर्टिफिकेट दाखवा म्हणायला लाजू नका. आमच्याकडे बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) २०२३ पासून आयव्हीएफ मोफत आहे. गोव्यात राहणारं कुणी वाचत असेल तर आधी तिथे चौकशी करा.

बार्शीची_सई
सगळ्यांचे आभार. डॉक्टरांना फोन केला, अस्तराचा नमुना पुढच्या पाळीच्या आधी घेणार आहेत. क्रमाचं विचारलं तर म्हणाल्या, टीबी नसेल तर आधी बीजं काढायला हरकत नाही. साबांना लुईस ब्राऊनचं सांगितलं. त्यांचा लगेच प्रश्न, "तिला पुढे मूलबाळ झालं का?"

आणि वहिनी, इंजेक्शनं सोलापुरातून घ्यायची तर एसटीत गार कशी ठेवायची?

मिरजकर_वहिनी
झालं की! २००६ मध्ये मुलगा, तोही कुठल्या उपचाराशिवाय. साबांना नक्की सांग.

रुंद तोंडाचा थर्मास घे. तळाला बर्फाची पिशवी, वर जाड नॅपकिन, त्यावर इंजेक्शनचं खोकं. बर्फाला थेट टेकवू नकोस, गोठलं की वाया गेलं. घरी फ्रीजच्या दारात ठेव, फ्रीझरमध्ये नाही. साबा सवयीने आत ढकलतील, तेवढं बघ.