मदत हवी आहे : मुलांचे उच्चार समजून घेणारं वाचनाचं ॲप

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या पूर्व भागात तिसरी-चौथीच्या मुलांचा संध्याकाळचा वर्ग घेते. शाळा मराठी माध्यमाची, पण बहुतेकांच्या घरी तेलुगू. आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर.

मोठ्याने वाचलेलं ऐकून चुका दाखवणारं एक एआय ॲप आम्ही वापरतो. अडचण अशी की मूल 'भाकरी'ला 'बाकरी' म्हणालं की लगेच लाल खूण. धडा त्याला समजलेला असतो, विचारलं तर गोष्ट नीट सांगतं. पण दोन-तीन लाल खुणा झाल्या की वाचणंच थांबवतं. याचं मला फार वाईट वाटतं.

कॉर्बेट आणि अँडरसन या संशोधकांनी 1995 मध्येच शिकणाऱ्याला येत असूनही झालेली चूक आणि खरंच न येणं यांचा वेगवेगळा हिशेब मांडला होता. उच्चारांच्या बाबतीत असं मराठीत कुणी केलंय का? आयआयटी मद्रासच्या एआयफोरभारत या संशोधन गटाची आवाज ओळखणारी मॉडेल्स खुली आहेत. ती लहान मुलांच्या आवाजावर बेतता येतील का? साधारण किती रेकॉर्डिंग लागेल? पालकांचं संमतीपत्र मराठी-तेलुगूत कुणाकडे तयार आहे का?

नेट अधूनमधून जातं, त्यामुळे साध्या मोबाइलवर ऑफलाइन चालणारं असेल तर आधी तेच सुचवा.