मदत हवी आहे: आठवीचा चित्रकलेचा तास हाताबाहेर जातोय (नाशिक)

गोदाकाठ:
शाळेत लागून तीन आठवडे झाले. ६२ मुलं, ३५ मिनिटांचा तास. त्यातली पंधरा मिनिटं पाणी आणि "सर, यानं माझा ब्रश घेतला" यातच जातात. बरीच जण एलिमेंटरीला, म्हणजे चित्रकलेच्या सरकारी ग्रेड परीक्षेला, बसणारेत. वस्तुचित्रासाठी फळ्यावर तांब्या काढला, कोणाला जमेना. परत काढला, आणखी सुबक आला, तरी तेच. काय करू? मंगळवारी मुख्याध्यापक तास बघायला येतायत.

खडूडस्टर:
एटीडी (कलाशिक्षकाचा डिप्लोमा) की जी. डी. आर्ट (चित्रकलेचा)? कायम की तासिकेवर? नेमकं तेच गाळलंत.

गोदाकाठ:
जी. डी. आर्ट, पेंटिंग. मग सहा वर्षं स्टुडिओ, ऑर्डरची व्यक्तिचित्रं. तासिकेवर. त्यानं काय फरक पडतो?

खडूडस्टर:
तिथंच पडतो. एटीडीला आम्हाला पाठ घ्यावे लागायचे, मागच्या बाकावर निरीक्षक. पहिल्याच पाठात मी फळ्याकडे तोंड करून रंगलो होतो, मागे वर्ग मोकाट! तुमचा तांब्या सुबक येतो हीच अडचण आहे. मधली उभी रेघ, तोंडाची लंबगोल, दोन्ही बाजू ताडून बघणं, हे तुमचा हात आता न सांगता करतो. मुलांना ते दिसतच नाही.

पंचवटीकर:
आले एटीडीवाले! दोन डोंगर, मधून सूर्य, हे पिढ्यान्‌पिढ्या कोणी शिकवलं? आमचे सर रविवारी नारोशंकराच्या देवळापाशी जलरंगात काम करायचे, आम्ही मागे उभे. नाशिकचे चित्रकार शिवाजी तुपे यांची घाटाची चित्रंही सरांनीच दाखवली. ओल्या कागदावर हात कधी थांबवायचा ते बघून कळलं. कुठल्या डिप्लोम्यात येतं हे?

खडूडस्टर:
मागे उभे किती होतात? चार? इथं ६२ आहेत.

सिडकोवाली:
एलिमेंटरीच्या पुढच्या इंटरमिजिएटला ए ग्रेड आली तर दहावीला जादा ७ गुण, बी ला ५, सी ला ३ ना? मुलगी सातवीत आहे, क्लास कुठला लावू?

खडूडस्टर:
ताई, वेगळा धागा काढा.

गोदाकाठ:
अहो, मंगळवार!

खडूडस्टर:
रंग बंद, पाणी बंद, फक्त पेन्सिल. खरी वस्तू स्टुलावर ठेवा. फळ्यावर मुद्दाम चुकीची काढा, तोंड वाकडं, पोट एकीकडे सुटलेलं. चुका मुलांकडून काढून घ्या, ती सांगतील तशी दुरुस्त करा.

पंचवटीकर:
हे मात्र पटलं. तरी पोरांना एकदा घाटावर न्याच.

गोदाकाठ:
आत्ता काढून बघतोय. चुकीचा येतच नाहीये हो. डाव्या हातानं काढू?

खडूडस्टर:
काढा. आणि चकचकीत तांब्या नेऊ नका, मुलं चमक काढत बसतात. मातीचं मडकं न्या.