कर्दळ-जास्वंदीच्या दाटीत मोरवेल कशी तगवावी?

प्रश्न (अंबाजोगाई): कंपाउंडलगत आमचा जास्वंद, तगर आणि कर्दळीचा दाट वाफा आहे. आईच्या माहेरी बांधावर मोरवेल होती, दिवाळीनंतर पांढऱ्या फुलांनी भरून जायची. तिला तीच दारात हवी, म्हणून जूनमध्ये रोप लावलं. अजून वीतभरच आहे. शेणखत दिलं तरी खालची पानं पिवळी पडायलीत, शेंडा रात्रीतून कुणीतरी कुरतडतंय. माती काळी, भारी. उपटून कुंडीत लावू का?

लातूरहून: ताई, उपटू नका. मोरवेलीची मुळं ठिसूळ, हलवलं की वेल रुसते. आणि खत आता बास. तिची अडचण कर्दळीची आहे. कर्दळीचे कंद जमिनीखालून सरकत येतात आणि सगळं ओढून घेतात. रोपापासून हातभर लांब गोल चर खणा, वाटेत येईल तो कंद काढा आणि चरात जुन्या पत्र्याची पट्टी उभी गाडा. मी जास्वंदीजवळच्या वेलीला हेच केलं, तेव्हा कुठे तिने उचल खाल्ली. पिवळी पानं बहुतेक साचलेल्या पाण्याची. बुडाशी मातीचा थोडा उंचवटा करा.

जास्वंद मात्र तोडू नका. मोरवेलीला मुळाशी सावली आणि शेंड्याला ऊन लागतं. जास्वंदीची दोन-तीन आडवी फांदी छाटली तरी पुरे.

धाराशिवहून: शेंड्याचं काम गोगलगायीचं असणार. 2022 ला आमच्या भागात सोयाबीनची कोवळी रोपं त्यांनीच फस्त केली होती. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी रोपाजवळ टाका. सकाळी उलटून बघा, खाली गोळा झालेल्या असतात. हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. मीठ वाफ्यात मात्र पडू देऊ नका.

प्रश्नकर्ती: गोणपाट आज टाकते. आधाराला बांबू रोवलाय, पण वेल धरत नाही.

लातूरहून: धरणार नाही. मोरवेल पानाच्या देठाने वेढा घालते, जाड बांबूला तो देठ पुरत नाही. बांबूवरून सुतळी ओढा. कुरतडलेल्या शेंड्याखालच्या पेरातून समोरासमोर दोन फुटवे येतील, दोन्ही वेगवेगळ्या सुतळीवर चढवा. छाटताना रस हाताला लागू देऊ नका, आग होते. पाऊस सरला की बुडाभोवती सोयाबीनचं भुसकट पसरा, खोडाला न चिकटवता. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळून कोवळी मुळं तुटतात, तेव्हा ते भुसकट हलवू नका.