मदत हवी आहे : पोलोला शॉर्ट शिफ्टर बसवला, आता रिव्हर्स पडेना

नमस्कार मंडळी. गाडी २०१४ ची पोलो, १.२ पेट्रोल, पाच गिअर. मी साताऱ्याचा. दर आठवड्याला यवतेश्वरचा घाट चढून कासकडे चक्कर असते. त्या वळणांवर दुसरा-तिसरा करताना दांडी फार लांब फिरते असं कायम वाटायचं, म्हणून ऑनलाइन शॉर्ट शिफ्टर (दांडीची फेरी आखूड करणारं किट) मागवला आणि गेल्या रविवारी घरीच बसवला. (आधी मेकॅनिकना विचारलं होतं. "चांगल्या गाडीला कशाला हात लावताय?" म्हणाले. तिथंच ऐकायला हवं होतं.)

बॅटरी आणि एअर फिल्टरचा डबा काढून गिअरबॉक्सच्या डोक्यावरची आर्म बदलली. नव्या आर्मवर केबल अडकवायची पिन मध्याच्या जवळ आहे, त्यामुळे केबल कमी सरकली तरी गिअर पडतो. टेप लावून मोजलं : पहिल्यातून दुसऱ्यात जाताना नॉब आधी १४ सेंमी फिरायचा, आता ९. घाटात मजा आली, खोटं कशाला बोलू.

पण रिव्हर्स! दांडी खाली दाबून डावीकडून पुढे ढकलतो, तर पहिलाच पडतो. काल राजवाड्यापाशी गाडी मागे घ्यायला गेलो आणि ती पुढे निघाली. समोरची स्कूटर थोडक्यात वाचली. शिवाय सकाळी थंड गाडीत पहिला-दुसरा फार जड जातो. परवा वडिलांनी चालवली. आल्यावर चावी टेबलावर ठेवली, "यापेक्षा ट्रॅक्टर बरा" म्हणाले आणि आत गेले.

केबलची सेटिंग चुकलीय की गिअरबॉक्सला काही झालं? आणि हा जडपणा कायमचा का? जुनी आर्म जपून ठेवलीय.

घाटवेडा : इंजिन बंद ठेवून रिव्हर्स टाकून बघ. बंद असताना नीट पडला तर क्लच बघावा लागेल. तेव्हाही पडला नाही तर केबल.

धागाकर्ता : आत्ताच बघून आलो. बंद असतानाही पहिलाच पडतोय.

मिरजेचे काका : मग घाबरू नकोस, गिअरबॉक्स शाबूत असणार. दोन केबल असतात, एक पुढे-मागे आणि एक आडवी. काम करताना तुझी आडवी हललीय. दांडी पुरेशी डावीकडे जातच नाही, म्हणून रिव्हर्सच्या जागी पहिला सापडतो.

सेटिंग अशी कर. गिअरबॉक्सच्या बाजूला दोन्ही केबलच्या टोकांना स्प्रिंगच्या कॉलर आहेत, त्या पुढे ओढून फिरवून अडकव. सिलेक्टर शाफ्ट (ज्यावर ती आर्म बसते तो दांडा) खाली दाब आणि दाबलेला असतानाच बाजूचा वाकडा खटका फिरवून लॉक कर. मग आत ये, दांडीचं कव्हर उचल, न्यूट्रलमध्ये दांडी डावीकडे घे आणि तिथल्या भोकात ४.५ मिमीचं ड्रिल बिट घाल. आता कॉलर सोड, केबल आपोआप जागेवर बसतात. शेवटी बिट काढ आणि खटका सोड. खटका विसरलास तर गिअर पडणारच नाही आणि परत इथे धागा काढशील.

जडपणाचं म्हणशील तर नॉब १४ चा ९ वर आणलास, म्हणजे जोर दीडपट लागणारच. फुकट काही मिळत नाही. जुन्या आर्मवर वजनाचा गोळा होता का?

धागाकर्ता : होता. नव्या आर्मवर नाही. किट हलकं आहे म्हणून खूश झालो होतो.

मिरजेचे काका : तो गोळा शोभेचा नव्हता. दांडी हलली की त्याचा झोक सिंक्रोचा (गिअर पडण्याआधी फिरण्याचा वेग जुळवणाऱ्या रिंगचा) अडथळा पार करायला मदत करतो. नव्या आर्मवर वजन बसवता आलं तर बसव, दांडी बरीच मऊ होईल. आणि थंड गाडीत रेटू नकोस, दांडी सिंक्रोपाशी क्षणभर टेकव, मग आत जाऊ दे. रेटशील तर सिंक्रो रिंग झिजतील.

धागाकर्ता : धन्यवाद काका, रविवारी करतो. घरी ५ चं बिट आहे, चालेल का?

मिरजेचे काका : भोकात जाणार नाही. ४.५ चंच आण. आणि तोवर गाडी वडिलांना देऊ नकोस.